हिरवा पडदा आणि हिरव्या बांगड्या

गेल्या माघात इंदुरास थोरल्या बंधूंकडे चार दिवस राहण्याचा योग आला. माझ्या वहिनी तेथील एका शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झाल्या असून, हल्ली दर शनिवारी त्या परप्रांतांत वाढणाऱ्या काही मराठी मुलांना संगणकाच्या द्वारे मराठी शिकवितात. कोणी कोइमतूरला आहे, कोणी गुवाहाटीस, कोणी जमशेदपुरास. नकाशावाचून शिकविणे हे वहिनींना कधीच मानवले नाही. त्यामुळे आपण मोठ्या नकाशापुढे उभे राहावे, गोदावरी त्र्यंबकेश्वरापासून राजमहेंद्रीपर्यंत बोटाने दाखवावी आणि मुलांनी ती पाहत पाहत मराठीत बोलावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

दूरचित्रवाणीवर हवामानाचे वृत्त सांगणारे जे करतात तेच हे. माणूस एकरंगी पडद्यापुढे उभा राहतो, यंत्र त्या पडद्याचा रंग तेवढा वगळते आणि त्या जागी दुसरे चित्र बसविते. पूर्वी यास स्वतंत्र चित्रणगृह लागे. आता दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीतही ते जमते, आणि या घरगुती खटाटोपासही 'व्हर्चुअल प्रॉडक्शन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी शिकवणी, कीर्तन, कथाकथन वा पाककृतींचे चित्रण चालते, त्यांना वहिनींच्या खोलीत घडलेली हकिकत उपयोगी पडावी.

सामान माझ्या पुतण्याने आणले होते. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी, तेव्हा खरेदीचा मान त्याचा. वहिनींच्या भिशीची रक्कम हाती आली होती. तिचा मोठा भाग संगणकातील शक्तिमान ग्राफिक्स कार्डावर गेला. कॅमेऱ्यातील चित्र संगणकात नेणारी आगपेटीएवढी एक डबी आली. उरलेल्या पैशांत चकचकीत हिरव्या साटिनचे कापड आणि चेहऱ्यासमोर ठेवावयाचा एक वर्तुळाकार दिवा. कापड भिंतीवर खिळ्यांनी ठोकले आणि वहिनी त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

संगणकाच्या पडद्यावर जे दिसले ते पाहून आम्हां सर्वांना आधी हसू आले. वहिनींच्या आकृतीची कड उकळत्या दुधासारखी सारखी हलत होती. केस कात्रीने कापून चिकटविल्यासारखे दिसत होते. आणि दोन्ही हात मनगटापाशी तुटले होते! तळवे वेगळे तरंगत होते, बाहू वेगळे, आणि मधल्या फटीतून नकाशातील बंगालचा उपसागर दिसत होता. कारण उघड होते. मार्गशीर्षात लेकीचे लग्न झालेले; वहिनींच्या हातांत अजून त्या समारंभी भरलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. यंत्राला पडद्याचे हिरवे आणि बांगड्यांचे हिरवे एकच.

"आई, बांगड्या तेवढ्या काढून ठेव ना," पुतण्या म्हणाला.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर पुढे ओढून मनगटांवर घेतला आणि एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने नकाशा दाखविण्याचा प्रयत्न करू लागल्या. ज्या भाषेत बांगडी फुटली असे न म्हणता 'वाढवली' असे म्हणतात, त्या भाषेच्या घरात लग्नातला चुडा यंत्रासाठी उतरवा, हे सांगणे सोपे नसते. मला त्या पदराकडे पाहून वाईट वाटले. म्हटले, "वहिनी, आजचा दिवस राहू द्या. बांगड्या हातांतच असू द्या, आपण पडद्याचे काय ते पाहू."

पुढचे समजण्यास हे यंत्र विचार कसा करते ते थोडे पाहिले पाहिजे. संगणकाच्या दृष्टीने चित्रातील प्रत्येक बिंदू म्हणजे तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांची तीन मापे; प्रत्येक माप शून्यापासून २५५ पर्यंत. यंत्र प्रत्येक बिंदूपाशी एवढेच विचारते की, हिरवा हा उरलेल्या दोहोंपैकी जो मोठा असेल त्याच्यापेक्षा किती अधिक आहे? उदाहरणार्थ, चांगला उजळलेला पडदा घ्या : तांबडा ४०, हिरवा १८०, निळा ६०. हिरव्याचे आधिक्य १२०. हा बिंदू निःशंक पारदर्शक करावा. चेहऱ्याचा बिंदू घ्या : तांबडा २००, हिरवा १५०, निळा १२०. येथे हिरवा उलट ५० ने कमी; हा बिंदू राखावा. या दोन टोकांच्या मध्ये जे येतात, म्हणजे केसांचे टोक, पदराचा झिरझिरीत काठ, ते अर्धवट पारदर्शक. पेट्रो व्लाहोस या अमेरिकन तंत्रज्ञाने १९५९ च्या 'बेन-हर' या चित्रपटाच्या वेळी रंगांच्या फरकावर आधारलेली जी पद्धत बसविली, तिच्यातील विचार साधारण हाच; त्या वेळी मात्र पडदा निळा होता आणि सारे काम फिल्मच्या रसायनांतून व छापण्यातून होई. निळ्या पडद्याचा उपयोग त्यापूर्वीही झाला होता. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर यांनी तो केला, आणि त्या चित्रपटातील प्रमुख भूमिकांपैकी एक आपल्या म्हैसूरकडील साबू या मुलाची होती, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

आता तोच हिरवा पडदा, पण माणसाच्या सावलीत आलेला भाग पाहा. तेथे मापे उतरून तांबडा १५, हिरवा ६०, निळा २० अशी होतात. आधिक्य १२० वरून ४० वर आले. हा भागही नाहीसा व्हावा म्हणून आपण यंत्रास सांगतो, "४० पुरे समज." यंत्र आज्ञाधारक, ते ४० पुरे समजते. मग ज्या ज्या गोष्टीत थोडा हिरवट अंश आहे ती ती गोष्ट विरघळू लागते : पडद्यावरून परावर्तित झालेल्या उजेडाने हिरवटलेला गाल, केसांची कड, साडीचा काठ. म्हणजे चूक संगणकाच्या शक्तीची नव्हती. कितीही महागडे ग्राफिक्स कार्ड घातले तरी ते हाच हिशेब अधिक वेगाने करणार. पडदा सर्वत्र सारखा उजळला असेल तर साधा संगणकही हे काम बिनबोभाट करतो. वहिनींची भिशी ज्या वस्तूवर खर्ची पडली तिची निकड सर्वांत कमी होती, आणि जिच्यावर काहीच खर्च झाला नाही ती वस्तू म्हणजे पडद्यावरचा उजेड.

साटिनचे कापड प्रथम उतरविले. चकाकणाऱ्या कापडावर दिव्याचे पांढरे डाग पडतात आणि त्या डागांत रंग उरत नाही. सुती, जाडसर, बिनचमकीचे कापड हवे. पॉपलीनचे तीन पन्हे जोडून पडदा शिवता येतो, परंतु जोडाच्या शिवणीवर उभ्या सावल्या पडतात. त्यापेक्षा चादरींसाठी १०८ इंच पन्ह्याचे कापड मिळते, ते घ्यावे. नेमके नऊ फूट भरते. त्यास इस्त्री करावी, वरच्या नेफ्यात पडद्याची दांडी घालावी, खालच्या नेफ्यात दुसरी जड दांडी, आणि दोन्ही बाजू कपडे वाळत घालावयाच्या चिमट्यांनी ताणून धराव्यात. खालची दांडी अनावश्यक वाटते खरी. पण चैत्रात वहिनींचा दूरध्वनी आला की, "भाऊजी, पंखा लावला की समुद्राला लाटा येतात!" दांडी घालावयाची त्यांनी राहू दिली होती.

नंतर अंतर. पडद्यापासून माणूस निदान पाच फूट पुढे हवा. एवढ्या अंतराने त्याची सावली पडद्यावर न पडता जमिनीवर पडते आणि पडद्याचा हिरवट उजेड त्याच्या खांद्यांवर फारसा येत नाही. वहिनींच्या बारा फुटी खोलीत पडदा भिंतीपासून अर्धा फूट, पडद्यापासून वहिनी पाच फूट आणि वहिनींपासून कॅमेरा सहा फूट, अशी मांडणी केली. अर्धा फूट उरला, त्यात मी भिंतीला टेकून उभा. या मांडणीत एक गंमत आहे. पडदा कॅमेऱ्यापासून अकरा फूट व माणूस सहा फूट. त्यामुळे नऊ फुटांचा पडदा माणूस उभा असलेल्या जागी जेमतेम पाच फुटांचाच भरतो. हात पसरून गुजरात ते ओडिशा दाखवावयाचे तर एवढी रुंदी लागतेच. पडद्याने चित्राची सारी चौकट भरलीच पाहिजे, असे मात्र नाही. माणसाच्या व त्याच्या हातांच्या मागे पडदा असला म्हणजे झाले. कडेला दिसणारे कपाट, खिडकी, दीर इत्यादी गोष्टी संगणकात कातरून टाकता येतात.

दिव्यांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण सर्व यश येथे आहे. पडद्यासाठी दोन दिवे वेगळे ठेवावेत, डावीकडून एक व उजवीकडून एक, दोन्ही पडद्यापासून सारख्या अंतरावर. नेहमीच्या एलईडी नळ्या उभ्या बसविल्या तरी चालतात. या दिव्यांचा उजेड माणसावर येता कामा नये. पुठ्ठ्याचा आडोसा पुरतो. माणसासाठी निराळे दोन दिवे : एक मुख्य, चेहऱ्याच्या एका अंगास थोडा उंच, दुसरा सौम्य, सावली भरून काढणारा. पाचवा लहानसा दिवा मागून वरून केसांवर व खांद्यांवर टाकला तर आकृतीची कड सुटी होते. पडदा सारखा उजळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, कारण डोळे फार समजूतदार असतात. मोबाइलने पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते काळेपांढरे करून पाहावे; उजळ व काळसर पट्टे लगेच दिसतात. आम्ही दिवे चार वेळा हलविले तेव्हा कुठे सगळीकडे एकच करडा रंग आला.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. कित्येक घरी माळ्यावर लग्नाच्या चित्रणाचे जुने हॅलोजन दिवे पडलेले असतात. ५०० वॉटचे तीन दिवे मिळून १५०० वॉट झाले. आणि भिंतीवरची ६ अँपिअरची साधी बैठक २३० व्होल्टच्या दाबाने १३८० वॉटच्या पुढे भार सोसत नाही. शिवाय ते तापतात, आणि शेजारी ताणलेले सुती कापड असते. हे दिवे माळ्यावरच बरे.

आता ती आगपेटीएवढी डबी. तिच्या वेष्टनावर मोठमोठे आकडे छापलेले होते. आपण साधा गुणाकार करू. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० बिंदू. प्रत्येकास दोन बाइट, सेकंदास २५ चित्रे. एकूण दर सेकंदास सुमारे ८३ कोटी बिट. ही डबी यूएसबीच्या दुसऱ्या पिढीची होती आणि त्या मार्गावरून सेकंदास अधिकात अधिक ४८ कोटी बिट जाऊ शकतात. म्हणजे डबी चित्र दाबून, पिळून पाठविते, आणि त्या पिळण्यात रंगाचे बारकावे आधी जातात. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण आपले सर्व काम रंगावरच चालले आहे. केसांची कड दातेरी दिसत होती ती यामुळेही. तिसऱ्या पिढीची, ५०० कोटींच्या मार्गाची डबी घेतली तेव्हा हा दोष गेला. कॅमेरा व संगणक यांच्या मधला हा दुवा दुकानदार सहसा विस्ताराने समजावीत नाहीत, आपणच विचारावे.

कॅमेऱ्याबाबत एकच नियम : त्याला स्वतःच्या बुद्धीने काही करू देऊ नये. प्रकाशाचे माप, पांढऱ्या रंगाचे माप, केंद्रीकरण ही तिन्ही हाताने बसवून बंदिस्त करावीत. नाहीतर हात वर केला की चित्र उजळते आणि पडद्याचा रंग बदलतो. सेकंदास २५ चित्रे व शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, हे आपल्याकडे सोयीचे, कारण आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची आहे आणि या मापाने दिव्यांची फडफड चित्रात उतरत नाही. कॅमेऱ्यातील कडा तीक्ष्ण करण्याची सोय अगदी कमी करावी. ती आकृतीभोवती काळी रेघ ओढते. उजेड कमी पडला म्हणून कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढविली की चित्र रवाळ होते, आणि ते रवे कडेला नाचू लागतात. वहिनींची कड दुधासारखी उकळत होती त्याचे हे उत्तर.

संगणकातील कामासाठी 'ओबीएस स्टुडिओ' ही आज्ञावली विनामूल्य मिळते व तिच्यात 'क्रोमा की'ची सोय आहे. संगणक अगदीच जुना असेल तर 'एटीईएम मिनी'सारख्या पेटीत हे मिश्रण संगणकाबाहेरच होते. कॅमेरा हलला की मागील दृश्यही त्या मानाने हलावे, यासाठी कॅमेऱ्याची जागा टिपणारी उपकरणे व 'अनरिअल एंजिन'सारखी आज्ञावली असा पुढचा संसार आहे. 'द मँडलोरियन' या २०१९ च्या मालिकेत तर पडद्याऐवजी एलईडीची प्रचंड भिंतच उभारून तिच्यावर दृश्य दाखविले गेले. तो मोह घरी आरंभी धरू नये. कॅमेरा तिवईवर घट्ट ठेवावा.

राहता राहिल्या बांगड्या. पडदा हिरवाच का, असे वहिनींनी विचारले. हिरव्याला पावित्र्य काही नाही. १९७६ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बायर यांना ज्या रचनेचे पेटंट मिळाले ती आज बहुतेक कॅमेऱ्यांत आहे; तिच्यात प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंपैकी निम्मे हिरव्यासाठी असतात, तांबडा व निळा यांना प्रत्येकी चौथाई. म्हणून हिरवा अधिक स्वच्छ टिपला जातो, एवढेच. मग आम्ही निळे कापड आणले आणि यंत्रास निळ्याचे आधिक्य मोजावयास सांगितले. बांगडीचा बिंदू घ्या : तांबडा २०, हिरवा १४०, निळा ६०. निळा हा हिरव्यापेक्षा ८० ने कमी. बांगडी सुखरूप राहते. याची किंमत द्यावी लागते. निळा कमी बिंदूंवर टिपला जातो, म्हणून पडद्यावर उजेड अधिक लागतो. आम्ही प्रत्येक बाजूस आणखी एक नळी लावली. निळी साडी त्या दिवशी नेसता येत नाही. मोरपंखी रंग मात्र दोन्ही पडद्यांपुढे दगा देतो, आणि वहिनींची आवडती पैठणी नेमकी मोरपंखी आहे. ती त्यांनी दिवाळीसाठी राखून ठेवली. "तिला कशाला कॅमेरा हवा," असेही म्हणाल्या.

दुसऱ्या शनिवारी पाठ झाला. निळ्या कापडावर नकाशा नसतोच, तेव्हा बोट कोठे ठेवावे हे कळण्यासाठी कॅमेऱ्याशेजारी दुसरा पडदा ठेवून त्यावर मिश्र झालेले चित्र आरशासारखे उलटे दाखविले. गावांची नावे त्यात उलटी दिसतात, पण हात मनाप्रमाणे चालतो. मुलांना अर्थात सरळ चित्रच जाते. मिश्रणाला वेळ लागतो म्हणून ओठांच्या मानाने आवाज पुढे धावत होता. एका चित्रास ४० सहस्रांश सेकंद; आवाज तीन चित्रे मागे ओढला तेव्हा जुळला. मग नकाशाच्या जागी वहिनींनी महेश्वरच्या घाटाचे छायाचित्र लावले आणि गुवाहाटीच्या मुलाने विचारले, "बाई, घाटावर ऊन डावीकडून आहे, तुमच्या तोंडावर उजवीकडून कसे?" मुख्य दिवा उचलून दुसऱ्या अंगास ठेवावा लागला. ती खूण मी आज्ञावलीच्या पुस्तकात वाचली होती आणि विसरलो होतो.

एक गोष्ट अद्याप राहिली आहे. गळ्याशी लावलेल्या मायक्रोफोनमध्ये बांगड्यांची किणकिण येते. मायक्रोफोन वर टांगून ती कमी करता येईल, असे मी कळविले. वहिनींचे उत्तर आले की, मुलांना विचारले, मुले नको म्हणाली. ज्यांना ती नको असेल त्यांच्यासाठी मायक्रोफोनच्या जागेविषयी पुढील अंकी लिहीन.